शिमर शाई: बाटलीतलं सोनं कागदावर का उतरत नाही?

जे. हर्बिन या फ्रेंच कंपनीच्या ‘एमराल्ड ऑफ चिव्होर’ या फाउंटन पेनाच्या शाईचे फोटो पाहिले तर एकाच ओळीत तीन रंग दिसतात. मूळचा मोरपिशी, त्यावर सांडल्यासारखी सोनेरी भुकटी, आणि अक्षर जिथे जाड झालंय तिथे तांबडी झाक. तीच बाटली घरी आणून बारीक निबच्या पेनात भरा आणि शाळेच्या वहीत लिहून पाहा. मोरपिशी तेवढा उरतो. सोनं नाही, तांबडंही नाही. शाई नकली नसते, आणि फोटोतही फारशी बनवाबनवी नसते. मधल्या मध्ये काय झालं ते कळलं, की कुठली शिमर शाई घ्यावी, कुठली टाळावी आणि दोन बाटल्यांची तुलना कशी करावी, हे ठरवणं सोपं जातं.

शिमर शाई हा एक रंग नाही. पाण्यात विरघळलेला रंग, न विरघळलेले चकाकणारे कण आणि खालचा कागद, या तिघांचा तो एकत्र हिशेब आहे. बाटलीवर नाव छापलेलं असतं ते बहुतेक वेळा पहिल्याचं.

शेडिंग, शीन, शिमर

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि तुलनेतला निम्मा गोंधळ तिथेच होतो.

शेडिंग म्हणजे एकाच अक्षरातला गडद-फिकटपणा. रेघेच्या शेवटी, वळणावर शाई साचते तिथे रंग दाट, बाकी फिकट.

शीन म्हणजे वाळलेल्या रंगाची स्वतःची तकाकी. रंगद्रव्य दाट असलेली शाई कागदात मुरायच्या आधी वरच वाळली, तर तिचा पातळ थर धातूसारखा चमकतो, आणि तोही मूळ रंगापेक्षा वेगळ्या रंगात. निळ्या शाईवर लाल, लाल शाईवर हिरवट सोनेरी. हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे: गुडघा फुटल्यावर लावायचं जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट. ओलं असताना जांभळं, वाळल्यावर त्यावर हिरवी-सोनेरी झळाळी. त्यात कसलीही भुकटी नसते, रंगच चमकतो.

शिमरमध्ये मात्र खरोखरची भुकटी असते. शीन आणि शिमर ओळखायची साधी खूण अशी: कागद दिव्याखाली सावकाश तिरका करत न्या. चमक एकसंध पापुद्र्यासारखी सरकली तर शीन; ठिपके एकेक करून पेटले-विझले तर शिमर. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर शंकाच उरत नाही.

भुकटी कसली?

बहुतेक शायांत ती अभ्रकाची असते. जुन्या विजेच्या इस्त्रीत तापणाऱ्या तारेभोवती जे पारदर्शक पापुद्रे असायचे, तेच अभ्रक, फक्त काही मायक्रॉन इतकं बारीक दळलेलं. नुसत्या अभ्रकाला सोनेरी रंग नसतो. प्रत्येक चपट्या कणावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ थर चढवलेला असतो, आणि त्या थराची जाडी रंग ठरवते. थर सुमारे ४० ते ६० नॅनोमीटर असेल तर चमक चंदेरी, ६० ते ८० असेल तर सोनेरीकडे झुकणारी. आणखी जाड होत गेला की लाल, मग निळी, मग हिरवी. शिनाण्याचा शिंपला उघडल्यावर आतली बाजू जशी निळसर-गुलाबी लकाकते, किंवा पहिल्या पावसात पेट्रोल पंपासमोरच्या ओल्या रस्त्यावर तेलाचे जे रंग दिसतात, त्याच जातीचा हा प्रकार. पातळ थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग उठतात, काही मावळतात.

दुसरी पद्धत लोहाच्या ऑक्साइडची. गंजाचाच हा भाऊ. त्याच्या थराला स्वतःचा रंग असतो, म्हणून तांब्यासारखी, काशासारखी आणि गडद सोनेरी चमक त्यातून मिळते. हा फरक पुढे कामाला येतो: नुसत्या टायटॅनियमवाल्या रंगीत चकाकीला खाली गडद पार्श्वभूमी लागते, कारण पांढरा कागद सगळाच उजेड परत फेकतो आणि तिचा नाजूक रंग त्यात बुडून जातो. लोहवाली चमक पांढऱ्यावरही थोडीफार तग धरते.

निब झिजेल का, अशी भीती बऱ्याच जणांना असते. अभ्रकाचा कठीणपणा मोहस मापावर २.५ ते ३, म्हणजे जवळजवळ आपल्या नखाइतका. निबच्या टोकावरचा मिश्रधातू त्याहून कितीतरी कठीण. वरचा थर अभ्रकापेक्षा कठीण असला तरी तो नॅनोमीटरांत मोजायचा. झिजेची काळजी सोडा. अडकण्याची करा, त्याकडे पुढे येऊच.

सगळं तळाशी का बसतं

अभ्रक पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. १० मायक्रॉनचा गोल कण ५ सेंटीमीटर पाण्यातून साधारण सात-आठ मिनिटांत तळाला जातो. आकार निम्मा केला तर वेग चौथाई होतो, म्हणजे ५ मायक्रॉनचा कण अर्धा तास घेईल. शाईतले कण चपटे असल्यामुळे आणखी सावकाश उतरतात आणि थोडा जास्त वेळ लावतात. पण उतरतात हे नक्की. म्हणून न हलवता भरलेली शिमर शाई म्हणजे नुसती रंगीत शाई, आणि बाटलीच्या तळाशी उरलेला शेवटचा चमचाभर म्हणजे पेनाचा काळ.

दोन बाटल्यांची तुलना करताना ही पहिली चाचणी घ्यावी. झाकणाच्या छोट्या पारदर्शक कुप्यांत दोन्ही शाया २-२ मिलिलिटर घ्या, सारख्याच हलवा आणि उभ्या ठेवा. एक मिनिटाने, दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी पाहा. तळाच्या थराची जाडी म्हणजे त्या शाईत चमक किती घातली आहे त्याचा ढोबळ अंदाज. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी कुपी एकदाच तिरकी केल्यावर गाळ धुरासारखा उठतो की ढेकळासारखा बसून राहतो. उठणारा गाळ पेनातही उठेल. बसून राहणाऱ्या शाईला पेनात फार दिवस ठेवू नये.

कुठल्या रंगावर कुठली चमक

या प्रकाराची लाट अलीकडची आहे. हर्बिनने आपल्या स्थापनेच्या ३४० वर्षांनिमित्त २०१० मध्ये ‘रूज हेमाटाइट’ काढली. २०१४ मध्ये सोनेरी कणांची ‘स्टॉर्मी ग्रे’ आली, २०१५ मध्ये एमराल्ड ऑफ चिव्होर. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या डायमाइनने ‘शिमरटॅस्टिक’ नावाने एकदम दहा रंग बाजारात आणले. पुढे पेलिकनसारख्या जुन्या घराण्यानेही २०२१ सालची खास शाई म्हणून ‘गोल्डन बेरिल’ ही सोनेरी चमकीची शाई दिली. रंगांची तुलना शिकायला डायमाइनची ती पहिली दहा फार सोयीची आहेत, कारण त्यांत सोनेरी आणि चंदेरी असे दोनच प्रकारचे कण आणि खालचे रंग मात्र वेगवेगळे.

सोनेरी चमक सर्वांत उठून दिसते ती निळ्या, मोरपिशी आणि जांभळ्या रंगावर. कारण साधं आहे: पिवळ्याच्या विरुद्ध टोकाला निळा-जांभळा बसतो. डायमाइनच्या ‘शिमरिंग सीज’ किंवा ‘पर्पल पझाझ’ने मीडियम निबने लिहिलं तरी चमक डोळ्यांत भरते. एमराल्ड ऑफ चिव्होरचं नाव झालं तेही याच जोरावर. वर तांबडी शीन हा नफा.

राखाडी आणि काळ्यावर सोनं प्रामाणिक दिसतं. राखाडीला स्वतःचं काही म्हणायचं नसतं, त्यामुळे कण जसे आहेत तसे दिसतात. स्टॉर्मी ग्रे आणि ‘स्पार्कलिंग शॅडोज’ शेजारी ठेवल्या की कणांचीच तुलना होते, रंगाची मध्ये लुडबुड नाही. सावलीत मात्र दोन्ही अगदी साध्या, ऑफिसात चालतील अशा दिसतात. काहींना तेच हवं असतं.

लालवर सोनेरी हे प्रकरण जरा फसवं. पैठणीच्या काठासारखं दिसेल अशी अपेक्षा असते, पण काठात सोनं आणि लाल वेगवेगळ्या जागी असतात; शाईत ते एकमेकांत मिसळलेले. दोन्ही उबदार रंग, त्यामुळे लांबून चमक न दिसता लाल रंगच थोडा उजळल्यासारखा वाटतो. ‘रेड लस्टर’ बारीक निबने लिहिली तर ती साधी लाल शाई आहे. रूज हेमाटाइटमध्ये तर वर हिरवट-सोनेरी शीनही येते, आणि पुष्कळ लोक त्या शीनलाच शिमर समजून ‘किती सोनं आहे यात!’ म्हणतात.

तपकिरी-नारिंगीवर, म्हणजे ‘ब्रँडी डॅझल’सारख्या शाईत, सोनं वेगळं असं राहतच नाही. अक्षर घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखं दिसतं. सुंदर आहे, पण ‘चमकी’ शोधणाऱ्याचा हिरमोड होईल. ‘गोल्डन सँड्स’ ही पिवळ्यावर सोनेरी. पांढऱ्या कागदावर बारीक निबने लिहिलेली ओळ संध्याकाळी वाचता येणार नाही. ती आमंत्रणपत्रिकेवर नाव घालायला, काळसर कार्डावर टाकाने लिहायला. चिठ्ठी लिहायला नाही.

चंदेरीचा स्वभाव निराळा. सोनं रंग मिळवतं, चांदी पांढरेपणा मिळवते. ‘ब्ल्यू लाइटनिंग’सारख्या उजळ निळ्यावर चंदेरी कण पडले की समोरून येणाऱ्या उजेडात ओळ चमकायच्या ऐवजी फिकट, धुतल्यासारखी दिसते. थोडी मान कलती करा, लगेच चांदणं. काळ्यावर, म्हणजे ‘नाइट स्काय’वर, हा त्रास नाही, तिथे विरोध पुरेसा असतो, फक्त रेघ रुंद हवी. ‘मॅजिकल फॉरेस्ट’चा हिरवा या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या चमकीच्या नव्या शाया घेताना आधी खालचा रंग किती गडद आहे ते बघा. फिकट राखाडीवर निळी चमक हे वाक्य ऐकायला जितकं छान, तितकंच कागदावर निष्फळ.

चमक आणि रंग वेगळे करून पाहायचे असतील तर दोन चाचण्या पुरतात. एक थेंब काळ्या कार्डावर टाकून वाळू द्या: रंग काळ्यात बुडतो, नुसते कण आणि त्यांचा खरा रंग दिसतो. दुसरीसाठी टीपकागदाची १० सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद पट्टी कापा, खालून २ सेंटीमीटरवर शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचं टोक सेंटीमीटरभर पाण्यात उभं ठेवा. पाणी चढताना विरघळलेले रंग वेगवेगळ्या उंचीवर नेतं आणि अभ्रक ठिपक्याच्याच जागी बसून राहतं. बाटलीत काय काय आहे ते दहा मिनिटांत उलगडतं.

तुलना करताना

बाटली घुसळू नका. शाईत पृष्ठताण कमी करणारी द्रव्यं असतात, जोरात हलवलं की फेस येतो आणि कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात शाई ओढून घेणाऱ्या नळीत, शाईऐवजी बुडबुडे जातात. झाकण घट्ट आहे ना ते पाहून बाटली वीस-तीस वेळा सावकाश उलटी-सुलटी करा, मग दोन तळहातांमध्ये अर्धा मिनिट फिरवा. उजेडासमोर धरून तळ पाहा. कोपऱ्यात सोनेरी चंद्रकोर दिसत असेल तर अजून झालेलं नाही. मग लगेच, मिनिटाच्या आत, बोथट सुईच्या सिरिंजने मधल्या उंचीवरून शाई घ्या. काही बाटल्यांचं तोंड इतकं अरुंद असतं की जाड निबचं पेन आत जातच नाही, तेव्हा सिरिंज तशीही लागतेच. मित्राला नमुना देतानाही हेच. अर्धवट हलवलेल्या बाटलीतून दिलेला नमुना म्हणजे दुसऱ्याच शाईचा नमुना.

प्रत्येक शाईसाठी एकाच जातीच्या कार्डावर तीन खुणा: कापसाच्या काडीचा फराटा, टाकाची ओळ, आणि पेनाची ओळ. फराटा सगळ्यांत जास्त खोटं बोलतो, कारण इतकी शाई पेन कधीच सोडत नाही. दुकानं फराटाच दाखवतात. पेनाची ओळ खरी. तीही सगळ्या शायांना एकाच निबने. रेघ ०.३ ते ०.४ मिलिमीटरची असेल तर कण मोजकेच उतरतात, ०.७ च्या पुढे चमक खरी खुलते, आणि १.१ मिलिमीटरच्या सपाट टोकाच्या निबने तर साधी शाईही भाव खाते.

उजेड एकाच ठिकाणाहून हवा. ढगाळ दिवशी खिडकीजवळ ठेवलेलं कार्ड चमकणार नाही, कारण प्रकाश सगळीकडून येतो. जुलैतल्या पणजीत शिमर शाई निवडायला बसणं म्हणजे डोळे मिटून साडी निवडणं. मोबाइलचा टॉर्च कार्डापासून एक-दीड हातावर, साधारण ४५ अंशांत धरा आणि कार्ड हलवा. फोटो काढताना मोबाइल स्वतःच रंगांचा तोल बदलतो, सोन्याची चांदी करतो. तो तोल कुलूपबंद करा किंवा सगळी कार्डं एकाच फोटोत घ्या.

कागद, आणि गोव्यातला पावसाळा

कागदाला दिलेली खळ इथे निकाल लावते. खळ चांगली असेल तर शाई वर थांबते, सावकाश वाळते आणि कण पृष्ठभागावर राहतात. खळ कमी असेल तर पाणी तंतूंत ओढलं जातं, रंग पसरतो, आणि कण तंतूंच्या खाचांत आडवे-तिडवे पडतात. आरसा चमकायला तो सपाट पडावा लागतो, कणांचंही तेच. चौरस मीटरला ५२ ग्रॅम वजनाचा तोमोए रिव्हर हा जपानी कागद पातळ असूनही शीन-शिमरसाठी नावाजलेला आहे तो या खळीमुळेच, जाडीमुळे नव्हे. ८० ग्रॅमचा रोडिया आणि ९० ग्रॅमचा क्लेअरफोंतेन चांगले. म्हापशाच्या किंवा मडगावच्या स्टेशनरीच्या दुकानात यातलं काही नसेल तर लेजर पेपर किंवा चांगला बाँड पेपर मागा. ७५ ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद शिमर थोडी दाखवतो, शीन जवळपास गिळून टाकतो. शाळेच्या साध्या वहीत दोन्ही विसरा.

आता गोव्याचं. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत कागद हवेतलं पाणी पितो. त्याचे तीन परिणाम होतात, आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. ओला कागद शाई जास्त फोडतो, म्हणजे जानेवारीत चांगला वाटलेला बाँड ऑगस्टमध्ये कडा फुटलेली अक्षरं देतो. दुसरीकडे, चांगल्या खळीच्या कागदावर शाई इतकी सावकाश वाळते की शीन उलट वाढते. आणि तिसरं, वाळलेली शीन पुन्हा ओलसर होते: घामेजलेला तळवा टेकला की निळ्या पानावर लाल-निळे डाग. शीन जितकी जास्त, तितकं पुसलं जाणंही जास्त. चवथीची निमंत्रणं शाईने लिहायची हौस असेल तर भरपूर शीनच्या शाया बाजूला ठेवा. चंदेरी निळी किंवा सोनेरी राखाडी बरी.

वाळण्याची चाचणी सोपी आहे. पाच छोट्या रेघा मारा आणि ५, १०, २०, ३०, ६० सेकंदांनी एकेकीवर कोरडं बोट फिरवा. हीच चाचणी पावसाळ्यात एकदा आणि डिसेंबर-जानेवारीत एकदा करून दोन्ही आकडे कार्डाच्या मागे लिहा. त्यात कणांची गंमतही कळेल: रंग वाळला तरी बोटाला चमक लागते. अभ्रकाला कागदाशी बांधून ठेवणारा चिकटपणा शाईत फारसा नसतो, जास्त घातला तर पेनच बंद पडेल. म्हणून समोरच्या पानावर थोडी भुकटी उतरणारच. मधे पातळ कागद ठेवा.

पाण्याचा विषयही इथेच. बहुतेक शिमर शाया पाण्यात टिकत नाहीत. पाकिटावरचा पत्ता, चेक, बँकेचे आणि सरकारी कागद यांवर त्या वापरू नयेत; भिजल्यावर रंग वाहून जातो आणि अभ्रकाची पुसट रेघ मागे राहते, ती पोस्टमनला वाचता येत नाही.

दमट हवेत बाटलीत बुरशीही धरते. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरंच टळतं. पृष्ठभागावर तरंगणारी चमक ही नुसते कण असू शकते. हलवल्यावर ती विरते. साय धरल्यासारखा पापुद्रा, दोरे किंवा कुबट वास असेल तर ती बाटली गेली. रंग कितीही लाडका असो, पेनात घालू नका.

पेन कुठलं

निब आणि तिच्या खालची, शाई टोकाकडे नेणारी चरांची जीभ हाताने ओढून काढता येतात, असं पेन शिमरसाठी उत्तम. ड्रॉपरने शाई भरायची आपली देशी एबोनाइटची पेनं यात बसतात, शिवाय त्यांचा प्रवाह भरघोस असतो. लॅमी सफारीची निबही चिकटपट्टी लावून सहज निघते. झाकलेल्या निबची जुनी पेनं, हीरो ६१६ च्या घाटणीची, आणि आत रबरी पिशवी असलेली पेनं यांना शिमर दाखवूसुद्धा नका. आतल्या फटी कुठे आहेत ते दिसत नाही आणि गेलेला कण परत येत नाही.

ड्रॉपरच्या पेनाला एक अडचण आहे. त्यात दोन-तीन मिलिलिटर शाई मावते, आणि एवढ्या शाईतले सगळे कण जिभेच्या तोंडाशी येऊन बसू शकतात. त्यातच टाकी तीन-चतुर्थांश रिकामी झाली की आतली हवा वाढते. एसी ऑफिसातून मे महिन्याच्या उन्हात, मग हाताच्या उबेत आली की ती हवा फुगते आणि पेन शाई ओकतं. शिमर असेल तर खिशावर चकाकणारा डाग. तेव्हा असलं पेन घरी टेबलावर वापरायला ठेवा, किंवा सरळ कन्व्हर्टरचं पेन घ्या आणि त्यात अर्धाच मिलिलिटर भरा.

लिहिण्याआधी पेन बोटांत आडवं धरून आठ-दहा वेळा फिरवा, दोनदा सावकाश उलटं करा. झटकू नका. ठेवताना आडवं ठेवा. निब खाली करून पेनदाणीत ठेवलं तर कण जिभेत साचतात, पहिल्या दोन ओळी झगमगतात आणि मग पेन अडतं. निब वर करून ठेवलं तर अडत नाही, पण पुढची अर्धी वही चमकेविना जाते. काही कन्व्हर्टरांत छोटा गोळा किंवा स्प्रिंग असते, ती हीच घुसळण करते.

अडण्याचे प्रकार दोन, आणि उपाय वेगळे. सकाळी पहिलं अक्षर उमटत नाही, मग व्यवस्थित चालतं: हे सुकण्याने झालेलं आहे. टोपणातून पाणी उडालं आणि टोकाशी रंग घट्ट झाला. ओल्या टिश्यूला निब टेकवली की सुटतं. दुसऱ्या प्रकारात सुरुवात छान होते आणि पाच-सहा ओळींनी रेघ फिकट होत जाते, थोडं थांबलं की पुन्हा गडद. इथे जिभेच्या चरात कण अडकून प्रवाह आवळला आहे. टिश्यूने काही होणार नाही. पेन रिकामं करून धुवावंच लागेल. निबच्या चिरेत अडकलेला कण काढायला ०.०५ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा हळूच वरून खाली एकदाच ओढा. ब्लेड घालू नका, निबचे दोन भाग फाकले तर ते पुन्हा जुळवणं कारागिराचं काम.

घरच्या शाईत स्वतःच चमक घालण्याचा मोहही होतो. सौंदर्यप्रसाधनांत वापरतात ती अभ्रकाची पूड टाकाने लिहायला ठीक: ५ मिलिलिटर शाईत काडीच्या टोकावर राहील इतकी पूड, आणि कण धरून राहावेत म्हणून डिंकाच्या पाण्याचा एखादा थेंब. पेनात हे नको, कारण त्या पुडीतले कण पुष्कळदा मोठे असतात आणि डिंक सुकला की जीभ कायमची बंद. नरकासुराच्या मुकुटाला लावतात ती चमकी तर टाकालाही चालत नाही. तो प्लास्टिकचा तुकडा असतो, कणाच्या मानाने डोंगरच.

धुणं

शिमर भरलेलं पेन रोज चालत असेल तर दोन आठवड्यांनी, किंवा दर दुसऱ्या भरणीला धुवा. आठवडाभर वापरणार नसाल तर आधीच रिकामं करा. गरम पाणी कधीही नको, एबोनाइटचा काळा रंग उडून ते हिरवट-तपकिरी होतं. त्याच कारणाने एबोनाइटचे भाग तासन् तास भिजतही ठेवू नका. स्पिरिट, नेलपॉलिशचं रिमूव्हर वगैरेंनी ॲक्रिलिकला तडे जातात. गोव्यात कोणीतरी विचारणारच म्हणून: फेणीसुद्धा नको.

साधं थंड पाणी, रबरी फुग्याच्या पिचकारीने निबच्या मागून दहा-बारा वेळा. मग पाव लिटर पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब घालून त्याने पुन्हा पाच-सहा वेळा, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत साधं पाणी. निब-जीभ काढून मऊ ब्रशने जिभेचे चर लांबीच्या दिशेने घासा. विहिरीचं किंवा क्षारांचं पाणी असेल तर शेवटची खळखळ फिल्टरच्या पाण्याची.

पाणी रंगहीन झालं म्हणजे पेन स्वच्छ झालं, असं साध्या शाईत धरतात. शिमरमध्ये रंग आधी जातो, कण मागे राहतात. शेवटचं पाणी पांढऱ्या कपात घ्या, वर टॉर्च धरा आणि कप गोल हलवा. तळाशी भोवऱ्यात फिरणारा सोनेरी धागा दिसला तर अजून दोन फेऱ्या बाकी आहेत. तो दिसेनासा झाला की निब टिश्यूवर टेकवून पेन उभं ठेवा: उन्हाळ्यात एक रात्र, पावसाळ्यात दोन.